डीझेल ट्रकची जुळवणी

डीझेल ट्रकची जुळवणी : डीझेल एंजिनाच्या सिलिंडरात जाणारी हवा व तीत फवारले जाणारे इंधन यांचे प्रमाण, इंधन फवारण्याची वेळ आणि एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारी योजना यांचा परस्परांशी मेळ घालण्याच्या क्रियेस जुळवणी म्हणतात, गॅरेजमध्ये तिला ‘ट्यूनिंग’ हाच शब्द रूढ आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या एंजिनाची जुळवणी झालेलीच असते. पुढे मालकाने मोठ्या छिद्रांची नोझले, निराळा टर्बोचार्जर वा जादा इंधन देणारा पंप बसविला म्हणजे ती बिघडते व नव्याने करावी लागते. असे फेरफार केलेल्या ट्रकच्या मालकाची तक्रार बहुधा ठरलेली असते : ॲक्सिलरेटर दाबताच मागून काळा लोट उठतो, पण ट्रक क्षणभर जड राहतो आणि मग एकदम झेपावतो. धूर व मंदपणा हे येथे दोन निरनिराळे दोष नसून एकाच दोषाची दोन लक्षणे होत. हवा पोहोचण्यापूर्वी इंधन पोहोचते, हा तो दोष होय.

धुराची उत्पत्ती : पेट्रोल एंजिनात शोषणमार्गातील झडपेने हवेचे नियंत्रण होते व तिच्या प्रमाणात इंधन दिले जाते. पारंपरिक डीझेल एंजिनात अशी झडप नसते. शोषण धावेत मावेल तेवढी हवा सिलिंडरात येते आणि शक्ती केवळ इंधनाच्या मात्रेने कमीजास्त केली जाते. १ ग्रॅ. डीझेल पूर्णपणे जळण्यास सु. १४·५ ग्रॅ. हवा लागते. परंतु हा हिशोब हवा व इंधन यांचे मिश्रण एकजीव झाले आहे असे मानून केलेला असतो. प्रत्यक्षात दट्ट्या वरच्या टोकाजवळ आल्यावर इंधन फवारले जाते आणि मिसळून जळण्यास त्यास फार थोडा अवधी मिळतो. मिनिटास १,५०० फेरे या वेगाला भुजादंड ३० अंशांतून फिरण्यास अवघा १/३०० सेकंद लागतो. तेवढ्या वेळात फवाऱ्याच्या गाभ्यातील थेंबांपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नाही. तेथे इंधनाचे रेणू उष्णतेने तुटून त्यांतील कार्बनाची काजळी बनते. ती पुढे जळून न गेल्यास निष्कास नळीतून बाहेर पडते. म्हणून १ ग्रॅ. इंधनामागे सु. १८ ते २० ग्रॅ. हवा नसली, तर डोळ्यांना दिसणारा धूर येऊ लागतो. या प्रमाणास धूरमर्यादा म्हणतात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सिलिंडराचा व्यास १०२ मिमी. व धावेची लांबी १२० मिमी. असली, तर एका सिलिंडराचे घनफळ सु. ०·९८ लि. भरते. टर्बोचार्जर अजून जागा झालेला नसताना त्यात एका वेळी सु. १ ग्रॅ. हवा येते, म्हणजे धूर न होता फार तर ५० मिग्रॅ. इंधन जाळता येते. टर्बोचार्जरने वातावरणाच्या दाबाइतका जादा दाब निर्माण केला आणि दाबामुळे तापलेली हवा मध्यशीतकात थंड झाली, तर हवा सु. २ ग्रॅ. होते व १०० मिग्रॅ. इंधन सुखाने जळते. आता पंप असा लावलेला आहे की, पाय दाबताच तो पहिल्यापासून १०० मिग्रॅ. इंधन देतो. पहिल्या सेकंदात हवा १ ग्रॅमच आहे; प्रमाण १०:१ झाले. निम्म्या इंधनाची काजळी व अर्धवट जळालेले वायू होणार हे उघड आहे. दोन सेकंदांनी हवा आली की, तोच पंप, तेच इंधन व तेच एंजिन जवळजवळ स्वच्छ चालू लागते. जुळवणीचा बहुतेक सारा प्रश्न या मधल्या दोन सेकंदांचा आहे.

टर्बोचार्जर निष्कास वायूंवर चालतो. वायू तापण्यास इंधन जाळावे लागते, इंधन जाळण्यास हवा लागते आणि हवा आणण्यास टर्बोचार्जर फिरावा लागतो. म्हणून आरंभी इंधन अगदीच आखडते घेतले, तर धूर होत नाही, पण टर्बोचार्जरही सुस्त राहतो. उलट इंधन वाजवीपेक्षा फार दिले, तर जादा इंधन जळतच नाही; ते तापून काजळी होते एवढेच. सर्वांत चपळ सुरुवात धूरमर्यादेच्या काठावर मिळते. अशा जुळवणीत पाय दाबल्यावर एखादा सेकंद फिकट राखी झाक दिसते व लगेच नाहीशी होते. काळा लोट म्हणजे शक्तीची खूण हा समज मोटारशर्यतींच्या हौशी लोकांत पसरलेला असला, तरी तो खरा नाही. तो लोट म्हणजे पैसे देऊन घेतलेले आणि कामास न आलेले इंधन असते.

हवेची टंचाई एंजिनास कशी भोवते याचे एक गाजलेले उदाहरण १९५२ सालच्या इंडियानापोलिस येथील ५०० मैलांच्या शर्यतीत मिळते. कमिन्स कंपनीच्या टर्बोचार्जर लावलेल्या डीझेल मोटारीने पात्रता-फेऱ्यांत पहिले स्थान पटकावले होते. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र टर्बोचार्जरचे हवा घेण्याचे तोंड धावपट्टीवरील कचऱ्याने तुंबले आणि ७१ फेऱ्यांनंतर मोटार बाद झाली.

धुराचा रंगही पाहिला पाहिजे. वरील विवेचन काळ्या धुरासंबंधी आहे. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे दाखवितो. पांढरा धूर न जळालेल्या इंधनाच्या वाफेचा असतो व तो थंड एंजिनात वा इंधन फार उशिरा फवारले जात असल्यास दिसतो. हे दोन्ही पंपाचा स्क्रू फिरवून जात नाहीत.

कमिन्स ‘बी’ मालिकेचे एंजिन : फेरफार केलेल्या डीझेल ट्रकचा विचार करताना अमेरिकेतील उघड्या हौद्याचे हलके, म्हणजे ‘पिक-अप’ ट्रक प्रथम डोळ्यांपुढे येतात. शेतमाल, घोडे वा नौका यांच्या गाड्या ओढण्यासाठी ते वापरले जातात आणि शर्यतींतही उतरविले जातात. १९८९ सालापासून डॉज कंपनीच्या ट्रकमध्ये कमिन्सचे ५·९ लि., सहा सिलिंडरांचे एंजिन मिळू लागले. वरील उदाहरणातील मापे याच एंजिनाची आहेत. आरंभी त्याची शक्ती १६० अश्वशक्ती होती. १९९६ नंतर हाताने गिअर बदलण्याच्या ट्रकमध्ये ती २१५ अश्वशक्तीपर्यंत वाढविण्यात आली. भारतात टाटा कमिन्स कंपनीच्या जमशेटपूर येथील कारखान्यात याच मालिकेतील एंजिने टाटा ट्रकसाठी तयार झाली. त्यामुळे येथील मेकॅनिकांनाही ते परके नाही.

१९९४ ते १९९८ या काळातील अमेरिकी ट्रकमध्ये या एंजिनावर बॉश कंपनीचा ‘पी ७१००’ हा एका ओळीत सहा दट्टे असलेला अंतःक्षेपण पंप असे. या पंपातून मूळ शक्तीच्या दुपटीहून अधिक शक्तीस पुरेल एवढे इंधन मिळू शकते आणि त्याच्या सर्व जुळवण्या यांत्रिक असल्यामुळे हौशी माणसास त्या हाताने करता येतात. त्याची लोकप्रियता व त्याच्या नावावर झालेली एंजिनांची हानी या दोहोंचे कारण हेच आहे.

पंपातील सर्व दट्टे एका दंतपट्टीने एकाच वेळी किंचित फिरविले जातात व त्यानुसार प्रत्येक धावेत जाणारे इंधन ठरते. दंतपट्टी किती पुढे जावी यावर तीन अधिकारी असतात. पहिला, चालकाचा पाय. दुसरा, वेगनियंता म्हणजे गव्हर्नर. तो ठराविक वेगानंतर इंधन कमी करतो. तिसरा व या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, हवेच्या दाबानुसार इंधन रोखून धरणारा मर्यादक. मेकॅनिक त्यास ‘ए. एफ. सी.’ म्हणतात. वेगनियंत्याच्या डोक्यावर बसविलेली ही एक लहानशी डबी असते. तीत रबरी पटल असून त्याच्या एका बाजूस शोषण-नलिकेतून बारीक नळीने आलेला हवेचा दाब व दुसऱ्या बाजूस स्प्रिंग असते. दाब वाढला की, पटल स्प्रिंगवर मात करते व दंतपट्टीस पुढे जाण्याची मुभा मिळते. याशिवाय दंतपट्टीच्या अंतिम प्रवासास अडविणारी एक वक्र कडेची पोलादी पट्टी आत असते. निरनिराळ्या वेगांना कमाल इंधन किती, हे तिच्या कडेच्या आकारावरून ठरते.

प्राथमिक तपासणी : पंपास हात लावण्यापूर्वी हवेची वाट तपासली पाहिजे. घाईत ही पायरी गाळली जाते आणि मग गळक्या नळीचा दोष पंपाच्या माथी मारला जातो. टर्बोचार्जरपासून मध्यशीतकापर्यंत व तेथून एंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या पट्ट्या सैल झाल्या म्हणजे दाबलेली हवा वाटेतच निसटते. नळीचे तोंड बंद करून आत थोड्या दाबाची हवा भरावी व जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले की, गळती सापडते. हवेची गाळणी तुंबलेली नसावी. मर्यादकाकडे जाणारी बारीक नळी फुटलेली असली, तर उलटा प्रकार होतो : धूर मुळीच नसतो, पण ट्रकमध्ये जीवही नसतो, कारण हवा आल्याची वर्दीच पंपास मिळत नाही. झडपांमधील मोकळीक एंजिन थंड असताना तपासतात. या एंजिनात ती शोषण झडपेस ०·२५ मिमी. व निष्कास झडपेस ०·५१ मिमी. ठेवतात. नोझले सु. २५० बार दाबास उघडावीत व सर्वांचा फवारा सारखा असावा. एक नोझल जरी ठिबकत असले, तरी पंपाची कितीही उत्तम जुळवणी धूर थांबवू शकत नाही. बाजारात मिळणारी मोठ्या छिद्रांची नोझले शक्ती वाढवितात. परंतु मोठ्या छिद्रातून थेंबही मोठे पडतात आणि फवाऱ्याचा कोन दट्ट्याच्या माथ्यावरील वाटीशी जुळत नसला, तर इंधन वाटीच्या कडेबाहेर पडून सिलिंडराच्या भिंतीवरील वंगण धुऊन टाकते.

पंपाची जुळवणी : मर्यादकावर तीन ठिकाणी फेरफार करता येतो. एका स्क्रूने हवेचा दाब नसतानाचे आरंभीचे इंधन ठरते. आतील दातेरी चकतीने स्प्रिंगचा ताण, म्हणजे किती दाब आल्यावर पूर्ण इंधन मोकळे करावे, हे ठरते. संपूर्ण डबीही पंपावर पुढेमागे सरकविता येते. पुढे सरकविल्यास कमी दाबालाच अधिक इंधन मिळते, मागे घेतल्यास धूर कमी होतो. हे तिन्ही एकमेकांवर परिणाम करतात, म्हणून एका वेळी एकच बदल करावा लागतो.

प्रथम हवेच्या दाबाचा व निष्कास वायूंच्या तापमानाचा असे दोन मापक बसवितात. नंतर पूर्ण दाबाला मिळणारे कमाल इंधन आतील पोलादी पट्टीने निश्चित करतात. ते एंजिनाच्या हवेस पचेल एवढेच असावे. त्यानंतर आरंभीचे इंधन पुष्कळ कमी करून ट्रक रस्त्यावर नेतात. ठरावीक चढ, ठरावीक गिअर व शक्य तर ठरावीक ओझे घेऊन मिनिटास सु. १,५०० फेऱ्यांपासून पाय पूर्ण दाबतात आणि दाबमापकाचा काटा किती वेळात चढतो ते पाहतात. आरंभीचे इंधन थोडेथोडे वाढवीत गेल्यास हा वेळ कमी कमी होत जातो; मग एक टप्पा असा येतो की, धूर वाढतो पण वेळ कमी होत नाही. तेथून किंचित मागे येऊन थांबावे. त्याच रीतीने स्प्रिंगचा ताण ठरवितात. धूर पाय दाबताक्षणीच येत असेल, तर आरंभीचे इंधन जादा आहे. सुरुवात स्वच्छ असून मध्येच धूर येत असेल, तर स्प्रिंग फार सैल आहे. आणि पूर्ण दाब आल्यानंतरही धूर राहत असेल, तर दोष मर्यादकात नसून कमाल इंधनात वा हवेत आहे. धूर कोणत्या क्षणी येतो याकडे जो लक्ष देतो, त्यास स्क्रू कमी फिरवावे लागतात. आतील पट्टी समूळ काढून टाकण्याचा एक प्रघात आहे. त्याने कमाल शक्ती वाढते, परंतु ती जुळवणी नव्हे.

फवारणीची वेळ : या एंजिनात इंधन देण्यास दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वी सु. १२ ते १४ भुजादंड-अंशांवर सुरुवात होते. शर्यतीचे शौकीन ती १६ अंश वा त्याहून पुढे घेतात. लवकर फवारल्याने जळण्यास अधिक वेळ मिळतो, धूर घटतो व निष्कास वायूंचे तापमान उतरते. या फायद्याची किंमत तीन ठिकाणी द्यावी लागते. सिलिंडरातील कमाल दाब वाढून माथ्याखालील गॅस्केट व तिचे बोल्ट यांवर ताण येतो. ज्वलनाचे तापमान वाढल्याने नायट्रोजन ऑक्साइडे अधिक निर्माण होतात. तिसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही : निष्कास वायू थंड झाल्यामुळे कमी वेगाला टर्बोचार्जरास मिळणारी ऊर्जाही घटते व तो उशिरा जागा होतो. म्हणजे धूर कमी करण्यासाठी वेळ फार पुढे घेतली, तर झटपट वेग घेण्याचा गुण काही अंशी गमवावा लागतो.

टर्बोचार्जर व उष्णता : टरबाइनाच्या घराचा वायुमार्ग अरुंद असला, तर थोड्या वायूनेही चक्र लवकर वेग घेते, परंतु पूर्ण भाराला तोच मार्ग वायूंची कोंडी करतो. रुंद मार्गाचे उलट असते. शर्यतीसाठी बसविलेला भला मोठा टर्बोचार्जर रोजच्या रस्त्यावर ट्रक मंद व धूरकट करतो, ही तक्रार म्हणूनच नित्याची आहे. ओझे ओढणाऱ्या ट्रकसाठी टरबाइनापूर्वीचे तापमान सु. ६८०° से. पेक्षा वर दीर्घकाळ राहू देऊ नये असा व्यवहारातील संकेत आहे. काही सेकंद ते ओलांडल्याने बिघडत नाही; लांबलचक चढावर ते तसेच राहिल्यास ॲल्युमिनियमी दट्ट्याचा माथा मऊ पडून वितळू लागतो. उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने धूर व तापमान दोन्ही वाढतात. समुद्रसपाटीस केलेली जुळवणी १,६०० मी. उंचीवरील डेन्व्हरसारख्या शहरी तशीच चालत नाही.

शक्तिप्रेषण : आपोआप गिअर बदलणाऱ्या ट्रकमध्ये एंजिन व गिअर पेटी यांमधील द्रवीय परिवर्तक एंजिनास कोणत्या वेगापर्यंत मोकळे फिरू देतो, यावर पहिले दोन सेकंद अवलंबून असतात. तो एंजिनास फार खालच्या वेगाला जखडून ठेवीत असेल, तर टर्बोचार्जरास वायूच मिळत नाही आणि पंपात कितीही सुधारणा केली तरी धूर येतो. हाताने गिअर बदलण्याच्या ट्रकमध्ये हेच काम चालकाचे; मिनिटास १,२०० फेऱ्यांवर वरच्या गिअरमध्ये पाय दाबणारा चालक कोणत्याही जुळवणीस हरवू शकतो.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण : १९९८ च्या मध्यापासून या ट्रकच्या पंपाचे नियंत्रण संगणकाकडे गेले व २००३ पासून सामाईक नलिकेत उच्च दाबाने इंधन साठविण्याची पद्धत आली. रबरी पटलाची जागा दाब-संवेदकाने व स्प्रिंगची जागा स्मृतीतील कोष्टकाने घेतली. अमुक हवेस अमुकच इंधन, हे तत्त्व मात्र तेच राहिले. एकाच धावेत इंधन तुकड्यातुकड्यांनी फवारता येऊ लागल्याने आवाज व धूर दोन्ही घटले. २००७ पासून काजळी अडविणारी गाळणी आली. अशा ट्रकमध्ये चुकीच्या जुळवणीचा धूर दिसत नाही. तो गाळणीत साचतो व ती वारंवार तुंबते. त्यावर गाळणीच काढून टाकण्याचा मार्ग अनेकांनी अवलंबिला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार आधीच्या सु. दहा वर्षांत ५,५०,००० हून अधिक डीझेल पिक-अप ट्रकमधील प्रदूषण-नियंत्रक साधने काढली वा निकामी केली गेली आणि त्यामुळे सु. ५,७०,००० टन जादा नायट्रोजन ऑक्साइडे हवेत जातील. ही साधने काढण्यास तेथील स्वच्छ हवा अधिनियमाने बंदी आहे. मुद्दाम काळा धूर सोडण्याच्या खेळावर न्यू जर्सी राज्याने २०१५ साली व कोलोरॅडोने २०१७ साली बंदी घातली.

दृश्य धूर व आरोग्य : डीझेलचा निष्कास माणसात कर्करोग निर्माण करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. त्यातील अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि नायट्रोजन ऑक्साइडांचाही धूर म्हणून बोध होत नाही. म्हणून धूर दिसेनासा होणे ही चांगल्या जुळवणीची आवश्यक खूण असली, तरी निष्कास निर्धोक झाल्याचा तो पुरावा नव्हे.

भारतातील परिस्थिती : भारतात बंगळूरच्या मायको कंपनीने (स्थापना १९५१, पुढे बॉश लि.) बॉश पद्धतीचे पंप बनविण्यास सुरुवात केली व ते ट्रकमध्ये सर्वत्र पसरले. पंपाच्या कमाल इंधनाच्या स्क्रूस शिशाचे सील असते. जादा माल भरून घाट चढावयाचा म्हणून ते तोडून ‘डीझेल वाढवून’ घेण्याची रीत जुनी आहे. ज्या जुन्या एंजिनांना टर्बोचार्जर नव्हता, त्यांत हवा वाढण्याचा प्रश्नच नसल्याने असे वाढविलेले इंधन पूर्ण भाराला बहुतांशी धुरातच जाई. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनमानी फेरफार करता येत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे डीझेल वाहनाचा धूर मुक्त-प्रवेग पद्धतीने मोजतात : गिअर न टाकता ॲक्सिलरेटर एकदम दाबून एंजिन कमाल वेगास नेतात आणि धुरातून जाणारा प्रकाश किती शोषला जातो ते पाहतात. जुन्या वाहनांसाठी ही मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके, म्हणजे प्रति मीटर २·४५ इतका शोषणांक आहे; भारत स्टेज ४ च्या वाहनांसाठी ती १·६२ करण्यात आली. या चाचणीत एंजिनावर भार नसतो व टर्बोचार्जर पुरा दाब निर्माण करीत नाही. त्यामुळे मर्यादक घट्ट लावलेला ट्रक, आतील कमाल इंधन कितीही वाढविलेले असले, तरी चाचणीत उत्तीर्ण होतो व घाटात काळा धूर ओकतो. पूर्ण भाराखालील धूर शक्तिमापकावर एंजिन बसवूनच मोजता येतो आणि ती सोय प्रमाणपत्र देणाऱ्या रस्त्याकडेच्या केंद्रावर नसते.